सेप्सिसमधले रक्ताचे रिपोर्ट: रुग्ण सुधारतोय की खालावतोय, हे कसे वाचावे

गंभीर सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेला रुग्ण आयसीयूत आला की पहिल्या काही तासांतच रिपोर्टांची चळत तयार होते. लॅक्टेट (पेशींवरचा ताण), प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी (संसर्गाने व जळजळीने वाढणारी प्रथिनं), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), बिलिरुबिन (यकृताचं काम), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ). आकडे भरपूर असतात. गोंधळ होतो तो त्यातला कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे मनात स्पष्ट नसल्यामुळे. २०१० मधल्या एका आढाव्यात सेप्सिससाठी अभ्यासलेले १७८ मार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारे घटक, मोजले गेले होते. २०२० च्या आढाव्यात ही संख्या २५८ झाली. रुग्णाच्या खाटेपाशी रोज खरोखर उपयोगी पडणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. या लेखात भर त्यांच्यावर आहे.

लेख मुख्यतः आयसीयूत नव्याने काम करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि नर्सेससाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांनाही डॉक्टर काय सांगत आहेत ते समजायला त्याची मदत होईल, पण रिपोर्ट पाहून उपचार बदलण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: एका वेळच्या एका आकड्यावरून कोणाचंही भवितव्य सांगू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत आकडे कोणत्या दिशेने जात आहेत आणि अवयव त्यांना कशी साथ देत आहेत, यावरून अंदाज बांधा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

सेप्सिसमध्ये रक्ततपासणीला तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. हा जंतुसंसर्गच आहे का? रुग्णाच्या जिवाला धोका किती आहे? आणि चालू उपचार लागू पडतोय का? लॅक्टेट दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं देतं, पहिल्याचं जवळपास देतच नाही. प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या प्रश्नाला थोडी मदत करतं, तिसऱ्याला बरीच. ‘प्रोकॅल्सिटोनिन वाढलंय म्हणजे पेशंट वाचणं कठीण’ किंवा ‘लॅक्टेट नॉर्मल आहे म्हणजे सेप्सिस नाही’ ही दोन्ही वाक्यं वॉर्डात वारंवार ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

व्याख्याही इथेच पक्की करून घ्या. १९९१ च्या परिषदेतून ‘सिव्हिअर सेप्सिस’ ही वेगळी पायरी आली होती. २०१६ च्या सेप्सिस-३ व्याख्येने ती काढून टाकली, कारण आता सेप्सिस म्हणजेच संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. सोफा स्कोअर (अवयवांच्या बिघाडाचे गुण, तपशील पायरी ४ मध्ये) २ किंवा त्याहून अधिक गुणांनी वाढला तर ते सेप्सिस. अशा रुग्णांमध्ये रुग्णालयातला मृत्युदर १० टक्क्यांच्या वर असतो. पुरेसं सलाईन देऊनही मीन आर्टेरिअल प्रेशर (धमन्यांतला सरासरी रक्तदाब) ६५ वर ठेवायला व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) लागत असेल आणि लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. तिथे मृत्युदर ४० टक्क्यांच्याही पुढे जातो. शॉकच्या व्याख्येतच लॅक्टेट आहे, यावरून त्याचं वजन लक्षात यावं.

पायरी २: शून्य तासाचा नमुना नीट घ्या

पुढचं सगळं वाचन या पहिल्या नमुन्याशी तुलना करून होणार असतं, त्यामुळे इथली हयगय नंतर भरून काढता येत नाही. रुग्ण दाखल होताच लॅक्टेट, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) डिफरन्शिअल काउंटसह (पांढऱ्या पेशींचे प्रकार), क्रिएटिनिन, युरिया, बिलिरुबिन, पीटी-आयएनआर, रक्तातले वायू आणि उपलब्ध असेल तर प्रोकॅल्सिटोनिन पाठवा. शक्यतो कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक रखडवू नये.

लॅक्टेटच्या नमुन्याला खास जपावं लागतं. ट्यूबमधल्या रक्तपेशी साखर वापरून लॅक्टेट तयार करत राहतात. त्यामुळे नमुना तासभर टेबलावर पडून राहिला तर आकडा उगाच फुगतो. ब्लड गॅस मशीनवर लगेच तपासा. ते शक्य नसेल तर फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये घेऊन बर्फावर पाठवा. दंडाला पट्टा आवळून बराच वेळ शीर शोधत बसू नका. ज्या लाइनमधून रिंगर लॅक्टेट चालू आहे, तिच्यातून नमुना काढू नका. धमनीतलं रक्त मिळालं तर उत्तम. शिरेतल्या रक्तातला आकडा किंचित जास्त येतो, म्हणून शिरेतलं लॅक्टेट नॉर्मल आलं तर निश्चिंत व्हायला हरकत नाही. मात्र पहिला नमुना शिरेतला आणि दुसरा धमनीतला, अशी सरमिसळ करून घट मोजू नका.

एककही पाहा. काही लॅब लॅक्टेट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. १ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे साधारण ९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे १८ हा आकडा २ मिलिमोलइतका आणि ३६ हा ४ मिलिमोलइतका. सीआरपीचंही तेच: १५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १५० मिलिग्रॅम प्रति लिटर हे एकच आहेत. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयातून आला असेल तर जुन्या रिपोर्टवरचं एकक वाचल्याशिवाय तुलना करू नये.

पायरी ३: पहिले सहा तास लॅक्टेटकडे लक्ष

पहिल्या सहा तासांत सगळ्यांत जास्त माहिती देणारा मार्कर लॅक्टेट आहे. २ पर्यंत नॉर्मल, ४ च्या वर धोका स्पष्ट. २ ते ४ या मधल्या पट्ट्याकडे दुर्लक्ष होतं, कारण रुग्णाचा रक्तदाब चांगला दिसत असतो. पण रक्तदाब ठीक असूनही लॅक्टेट चढलेलं असेल तर अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं आढळतं. ‘बीपी चांगलं आहे’ म्हणून त्याला वॉर्डात ठेवू नका.

लॅक्टेट का वाढतं हे समजलं की वाचन सोपं होतं. पेशींना ऑक्सिजन कमी पडणं हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. सेप्सिसमध्ये शरीरात अॅड्रेनालिनचा पूर असतो आणि त्याच्या प्रभावाखाली ऑक्सिजन पुरेसा असतानाही पेशी भराभर लॅक्टेट तयार करतात. शिवाय लॅक्टेट साफ करणारं यकृत थकलेलं असतं. म्हणून चढलेल्या लॅक्टेटचं उत्तर दर वेळी ‘आणखी सलाईन’ हे नसतं.

आता दिशा मोजा. पहिलं लॅक्टेट २ च्या वर असेल तर दोन ते चार तासांत पुन्हा पाहा, मग सहा तासांनी. घट काढायची पद्धत सोपी आहे: पहिल्या आकड्यातून नंतरचा वजा करा, पहिल्याने भागा, १०० ने गुणा. पहिलं ५.२ आणि सहा तासांनी २.८ असेल तर घट ४६ टक्के. ५.२ वरून ४.९ आलं तर जेमतेम ६ टक्के. २००४ च्या एका बहुचर्चित अभ्यासात सहा तासांत १० टक्क्यांहून कमी घट झालेल्या रुग्णांची गत वाईट आढळली. १० टक्के ही माझ्या दृष्टीने अगदी किमान अपेक्षा आहे. निम्म्याच्या आसपास उतरलं तर खरा दिलासा.

ते उतरत नसेल तर भाकीत करण्याआधी कारण शोधा. पू निचरा न झालेला आहे का? आतडं काळं पडलंय का? अँटिबायोटिक त्या जंतूला लागू आहे का? आणि सेप्सिसबाहेरची कारणंही तपासा: अॅड्रेनालिनचं इन्फ्युजन, वारंवार दिलेलं साल्ब्युटामॉल, नुकतीच आलेली फिट, मेटफॉर्मिन, लिनेझोलिड, यकृताचा जुना आजार, थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता. दारूचं व्यसन किंवा दीर्घ कुपोषण असलेल्या रुग्णाला थायमिन देणं स्वस्त आणि सुरक्षित आहे, आणि ते विसरलं जातं.

लॅक्टेट वारंवार करता येत नसेल तरी हातावर हात धरून बसायचं कारण नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत उपचारांची दिशा एका गटात लॅक्टेटवर आणि दुसऱ्यात कॅपिलरी रिफिलवर (दाबलेल्या त्वचेत रक्त परतायला लागणारा वेळ) ठरवली गेली. बोटाच्या टोकावर १० सेकंद दाब देऊन सोडायचं आणि रंग परतायला लागणारा वेळ मोजायचा. ३ सेकंदांहून जास्त म्हणजे बिघाड. २८ दिवसांचा मृत्युदर रिफिलच्या गटात ३४.९ टक्के आणि लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही, पण ही साधी तपासणी लॅक्टेटच्या मागे पडली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पायरी ४: अवयवांचे आकडे म्हणजे सोफा

सोफा स्कोअरमध्ये सहा यंत्रणांना प्रत्येकी ० ते ४ गुण मिळतात: श्वसन, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड. त्यांपैकी तीन थेट साध्या रक्ततपासणीवर चालतात. प्लेटलेट १ लाखाखाली गेल्या की २ गुण, ५० हजारांखाली ३, २० हजारांखाली ४. बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन दोन्हींचे २ गुण २ मिलिग्रॅमपासून सुरू होतात.

हा स्कोअर रोज त्याच वेळी काढा आणि लिहून ठेवा. २००१ मध्ये ब्रसेल्सच्या आयसीयूतल्या ३५२ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या ४८ तासांत सोफा वाढलेल्यांमध्ये मृत्युदर किमान ५० टक्के आढळला, मग सुरुवातीचा स्कोअर काहीही असो. नव्या मार्करांबद्दल कितीही उत्साह असला तरी या साध्या मोजणीला मागे टाकणारं फार थोडं हाती आलंय.

क्रिएटिनिन वाचताना सावध राहा. मूत्रपिंडाला इजा झाल्यावर ते चढायला एक-दोन दिवस लागतात. भरपूर सलाईनने ते पातळ होतं, आणि अशक्त, स्नायू झडलेल्या म्हाताऱ्या माणसात १.१ हा आकडासुद्धा मोठा बिघाड लपवू शकतो. तासाची लघवी त्याच्या आधी बोलते: किलोमागे ०.५ मिलिपेक्षा कमी लघवी सलग सहा तास असेल तर क्रिएटिनिनची वाट पाहू नका. डायलिसिस सुरू झाल्यावर उतरलेलं क्रिएटिनिन ही मशीनची कामगिरी आहे, मूत्रपिंडाची नाही.

पायरी ५: प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी

प्रोकॅल्सिटोनिन संसर्गानंतर साधारण तीन ते सहा तासांत चढू लागतं, पहिल्या दिवसात शिखर गाठतं आणि संसर्ग आटोक्यात आला की दर २४ तासांनी जवळपास निम्मं होतं. हा निम्मं होण्याचा हिशोब लक्षात ठेवला की पुढचं वाचन हाताशी येतं: पहिल्या दिवशी ४० असेल तर चौथ्या दिवशी ते ५ च्या आसपास यायला हवं. तसं होत नसेल तर संसर्गाचा उगम अजून जिवंत आहे असं धरून शोध घ्या.

अमेरिकेतल्या १३ केंद्रांवर झालेल्या मोझेस अभ्यासात, पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून जास्त उतरलं नाही अशा रुग्णांचा २८ दिवसांचा मृत्युदर २० टक्के होता. ज्यांचं उतरलं त्यांचा १० टक्के. सुरुवातीचा आकडा मात्र भविष्याबद्दल फार काही सांगत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गातून रक्तात जंतू गेलेल्या रुग्णाचं प्रोकॅल्सिटोनिन ८० येऊ शकतं आणि तो योग्य उपचारांनी आठवड्यात चालू-फिरू लागतो.

हा मार्कर चकवतो कुठे? मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, अपघाती इजा, हृदयक्रिया बंद पडून परत येणं, गंभीर मलेरिया आणि थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग यांत तो जिवाणूंचा संसर्ग नसतानाही चढतो. नवजात बाळात पहिल्या दोन दिवसांत तो स्वाभाविकच जास्त असतो. मूत्रपिंड निकामी असेल तर उतार मंदावतो. उलट, एका जागी कोंडलेला पू किंवा अगदी सुरुवातीचा संसर्ग असेल तर तो कमीच दिसतो. म्हणूनच २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचना सांगतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नका. कधी थांबवायचं यासाठी मात्र त्याची मदत घ्या. ०.५ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली, अथवा शिखरापासून ८० टक्के घट, हा थांबवण्याचा विचार करण्याचा टप्पा आहे, अर्थात रुग्ण स्थिर असेल तर. नेदरलँड्समधल्या २०१६ च्या चाचणीत असं केल्याने अँटिबायोटिकचे दिवस घटले आणि मृत्युदर वाढला नाही, उलट कमीच आढळला.

सीआरपी स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, पण संथ आहे. शिखर गाठायला त्याला ३६ ते ५० तास लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सीआरपी चढलेलं पाहून घाबरू नये. ते कालच्या आजाराबद्दल सांगत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही ते उतरणीला लागलं नाही तर मात्र दखल घ्या. सीआरपी यकृतात तयार होतं, त्यामुळे यकृत निकामी असलेल्या रुग्णात ते फसवं कमी राहतं. टोसिलिझुमॅब दिलेल्या रुग्णात तर ते वाचूच नका: सीआरपी वाढवणाऱ्या आयएल-६ या संदेशवाहक प्रथिनाचा मार्गच औषधाने अडवलेला असतो.

पायरी ६: प्लेटलेट आणि रक्त गोठणं

या मार्करला लोक कमी लेखतात, कारण तो सीबीसीत आपोआप येतो. पण प्लेटलेटचा उतार सेप्सिसमध्ये खूप काही सांगतो. पहिल्या तीन-चार दिवसांत त्या थोड्या घसरणं बऱ्याच रुग्णांत दिसतं. सुधारणारा रुग्ण त्यानंतर वर येऊ लागतो, कित्येकदा नॉर्मलच्याही पुढे जातो. पाचव्या-सहाव्या दिवशीही आकडा तळाशीच असेल तर ती वाईट खूण आहे.

आकडा खरा आहे का तेही बघा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये प्लेटलेट एकमेकींना चिकटून खोटा कमी आकडा येऊ शकतो. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करा. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर त्यामुळेच प्लेटलेट घसरल्याचा संशय घ्या. प्लेटलेट चढवल्या असतील तर नंतरचा आकडा अंदाजासाठी वापरू नका.

प्लेटलेट आणि आयएनआर एकत्र वाचायला सिक (SIC) स्कोअर, म्हणजे सेप्सिसमुळे रक्त गोठण्यात होणाऱ्या बिघाडाचे गुण, सोयीचा आहे. प्लेटलेट १ ते १.५ लाख असतील तर १ गुण, १ लाखाखाली २. आयएनआर १.२ ते १.४ असेल तर १ गुण, त्यापुढे २. सोफासाठी जास्तीत जास्त २. बेरीज ४ किंवा अधिक झाली, आणि त्यात प्लेटलेट व आयएनआरचे मिळून २ हून जास्त गुण असले, तर सेप्सिसमुळे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडू लागली आहे. यासाठी महागडी तपासणी लागत नाही. डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्या विरघळताना तयार होणारा घटक) सेप्सिसमध्ये जवळजवळ सगळ्यांचंच वाढलेलं असतं, त्यामुळे एकट्याने ते फारसं उपयोगी नाही.

पायरी ७: लिम्फोसाइट, आणि बाकीचे

सेप्सिसमध्ये जळजळीबरोबरच प्रतिकारशक्ती खचतही असते. त्याचा फुकटात मिळणारा पुरावा डिफरन्शिअल काउंटमध्ये असतो. चौथ्या दिवशीही लिम्फोसाइटची (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची) एकूण संख्या मायक्रोलिटरमागे १२०० च्या वर आलेली नसेल तर पुढे नवा संसर्ग जडण्याची आणि दगावण्याची शक्यता जास्त असते. टक्केवारीवर जाऊ नका, प्रत्यक्ष संख्या काढा. अशा रुग्णाच्या नको असलेल्या नळ्या आणि लाइन शक्य तितक्या लवकर काढा.

अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी असणं वाईटच, पण त्यात जुनं कुपोषण आणि नवा आजार वेगळा काढता येत नाही. ट्रोपोनिन वाढलेलं असेल तर हृदयावर ताण आहे एवढा अर्थ घ्या, दर वेळी रक्तवाहिनीत अडथळा असतोच असं नाही. आयएल-६, प्रीसेप्सिन, एमआर-प्रोअॅड्रेनोमेड्युलिन, मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर या खास मार्करांवर चांगलं संशोधन झालंय. मिळत असतील तर वापरा, मिळत नसतील तर रुग्णाचं नुकसान होतंय असं वाटून घेऊ नका.

पायरी ८: सगळं एका कागदावर मांडा

डावीकडे मार्कर, वर दिवस, असा तक्ता करा. त्यातच नॉरअॅड्रेनालिनचा (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा) डोस आणि लघवी लिहा, कारण डोस दुप्पट करून टिकवलेला रक्तदाब म्हणजे सुधारणा नव्हे. समजण्यासाठी दोन काल्पनिक रुग्ण घेऊ.

पहिल्याचं लॅक्टेट ५.२ वरून सहा तासांत २.८. प्रोकॅल्सिटोनिन ३८, २०, ९, ६. प्लेटलेट १.४ लाख, १.२, १.१८, मग १.५. सोफा ९ वरून चौथ्या दिवशी ५.

दुसऱ्याचं लॅक्टेट ५.२ वरून ४.९. प्रोकॅल्सिटोनिन १२, ११, १४, १३. प्लेटलेट १.८ लाख, १.३, ८२ हजार, ६० हजार. सोफा ७ वरून ११.

पहिल्या दिवशी कागदावर पहिला रुग्ण जास्त आजारी होता: सोफा जास्त, प्रोकॅल्सिटोनिन तिप्पट, प्लेटलेट कमी. चौथ्या दिवशी चित्र पूर्ण उलटलं. त्याचं प्रोकॅल्सिटोनिन ८४ टक्के उतरलंय आणि अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करता येतो. दुसऱ्याच्या बाबतीत आज पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा कल्चर, सर्जनशी बोलणं आणि अँटिबायोटिकचा फेरविचार व्हायला हवा. वाईट अंदाजाचा पहिला उपयोग हाच: उपचार अधिक नेटाने तपासून बघणं.

मार्कर एकमेकांशी जुळत नसतील तर? सीआरपी चढतंय पण लॅक्टेट, लघवी, शुद्ध सगळं सुधारतंय, तर मी अवयवांचं ऐकेन. सगळे आकडे सुधारलेत पण रुग्ण आज कालपेक्षा जास्त बेचैन आहे, तर मी रुग्णाचं ऐकेन. आणि रोज सगळ्याच तपासण्या करू नका. लॅक्टेट दोनदा नॉर्मल आलं की थांबवा. प्रोकॅल्सिटोनिन एक-दोन दिवसांआड पुरतं. आयसीयूत रोज काढलेल्या रक्तानेही हिमोग्लोबिन घसरतं.

पायरी ९: घरच्यांशी बोलताना

४० टक्के मृत्युदर हा शंभर रुग्णांच्या गटाबद्दलचा आकडा आहे. समोरच्या एका माणसाबद्दल तो ‘वाचेल’ किंवा ‘वाचणार नाही’ असं सांगत नाही. वय, आधीचे आजार, कर्करोग, संसर्गाची जागा आणि तो उगम काढून टाकता येतो का, हे सगळं त्यात मिसळावं लागतं. फक्त मार्करच्या आधारे उपचार थांबवण्याचा निर्णय कधीही घेऊ नये.

पहिल्या दिवशी टक्केवारी सांगू नका. असं सांगा: ‘आजार गंभीर आहे, जिवाला धोका आहे. पहिले तीन-चार दिवस उपचारांना प्रतिसाद कसा मिळतो यावर बरंच अवलंबून आहे. आम्ही लॅक्टेट, लघवी आणि प्लेटलेटवर नजर ठेवून आहोत. उद्या सकाळी दहा वाजता रिपोर्ट आले की पुन्हा भेटू.’ दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, शक्यतो त्याच डॉक्टरने, तक्ता हातात घेऊन भेटा. कालचा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी दाखवा. एखादा वाढला असेल तर तो लपवू नका. का वाढला असावा आणि त्यावर आज काय करणार आहोत तेही त्याच वेळी सांगा.